बुडाखाली काय लिहिलंय?

आमचं कॉफीचं यंत्र एका मंगळवारी सकाळी शेवटचं गुरगुरलं आणि गेलं. अकरा वर्षं राबलं बिचारं, त्याला काय बोलणार? शेजारचे डच आजोबा समाचाराला आले आणि जाता जाता कानमंत्र देऊन गेले, "आता घेशील ते युरोपात बनलेलंच घे. आपले कारखाने आपणच जगवायचे." त्या 'आपले'वर मी विरघळले. मी सांगलीची. नेदरलँड्समधल्या या उत्रेख्तमध्ये इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या सहज 'आपल्यात' घेतलं नव्हतं.

तेव्हापासून दुकानात शिरले की वस्तू आधी उलटी करायची सवय लागली. पुढून कंपनीचं नाव, झळाळी, हसऱ्या बाईचा फोटो. खरं गाव बुडाखाली, मुंगीच्या अक्षरात. एकदा अशीच काचेची किटली उलटी केली आणि आतली गाळणी टणटणत पार टोस्टरच्या कपाटाखाली गेली. दुकानातला पोरगा आणि मी दोघंही जमिनीवर पालथे. गाळणी मिळाली. गाव चीनमधलं निघालं.

सुरुवातीचे दोन आठवडे तर मी 'सीई' अशी खूण दिसली की खूश होत होते. म्हटलं, युरोपाचा शिक्का! मग कळलं की ती खूण म्हणजे 'माल युरोपच्या नियमांत बसतो' एवढंच कंपनीचं सांगणं. माल जन्मला कुठे, याच्याशी तिचा काही संबंध नाही. आणि कॉफीच्या यंत्रावर जन्मगाव छापलंच पाहिजे, अशी सक्तीही युरोपीय संघात नाही. मग जर्मन माल बघू म्हटलं, तर तिथे वेगळीच गंमत. 'मेड इन जर्मनी' हे बिरुद जर्मनांनी मिरवायला काढलंच नव्हतं. 1887 साली इंग्रजांनी कायदा करून ते त्यांच्या मालावर छापायला लावलं, गिऱ्हाइकाने हलका माल ओळखून टाळावा म्हणून! त्याच जर्मनीतली कमांडांटेची हाताने फिरवायची कॉफीची गिरणी बघितली. किंमत अडीचशे युरोच्या पुढे. एवढे पैसे मोजून वर दळायचं आपणच. आमच्या आजीने जातं सुटलं म्हणून देवापुढे साखर ठेवली होती.

एकेकाची कुंडली मांडायला बसले, तर हे स्थळं बघण्यापेक्षा अवघड. बोडमचं फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं, घ्या. नाव फ्रेंच, घराणं डॅनिश, बिऱ्हाड स्वित्झर्लंडमध्ये आणि जन्म पोर्तुगालचा. 'मूळचे राजापूरचे, पण आजोबा गिरगावात आले, आता सगळे न्यू जर्सीत' हे ऐकत वाढलेल्या बाईला एवढं पचतं. पण जीव जडला तो बियालेत्तींच्या अष्टकोनी मोका पॉटवर, म्हणजे शेगडीवर ठेवून कॉफी करायच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यावर. 1933 साली आल्फोन्सो बियालेत्तींनी इटलीत तो काढला. त्यांचा मुलगा रेनातो 2016 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या अस्थी भल्यामोठ्या मोका पॉटमध्ये ठेवल्या होत्या. इतकी निष्ठा! इटलीतल्या ओमेन्या गावचा त्यांचा कारखाना 2010 मध्ये बंद होऊन काम रोमानियात गेलं होतं, पण रोमानिया युरोपातच की. सोयरीक जुळलीच होती. तेवढ्यात आठवलं, आपली शेगडी इंडक्शनची. ती ॲल्युमिनियमला ओळखच दाखवत नाही. पत्रिका तिथे अडली.

शेवटी मिळालं ते काखेत कळसा होता तसं. मोकामास्टर नावाचं फिल्टर कॉफीचं यंत्र आमच्याच उत्रेख्त प्रांतात, आमेरोंगेनला, हाताने जोडतात. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मन कैसरने जिथे आसरा घेतला आणि पदत्यागाचा कागद सही केला, तेच गाव. सायकलने दोन तासांवर. दोनशेच्या वर युरो गेले, ते मी आईला सांगितले नाहीत.

आई नेमकी तेव्हा आलेली. तिने यंत्राला एक प्रदक्षिणा घातली, "दूध कुठून घालायचं यात?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकून आपल्या बॅगेतलं पातेलं काढलं. (आमच्या इंडक्शनवर चालावं म्हणून त्याला चुंबक चिकटतं का, ते मीच फोनवरून तपासायला लावलं होतं.) दुधात कॉफी, साखर, वर सहाणेवर उगाळलेलं जायफळ. वासाने आजोबा आले. दोन कप प्यायले आणि मग आमच्या नव्या यंत्राकडे ढुंकूनही न बघता त्यांनी सरळ पातेलं उचललं आणि उलटं धरलं. सवय त्यांनाही लागली होती.

बुडावर कोरलं होतं : 'वास्तुशांत, सांगली, 14-5-91, मामांकडून सप्रेम'.

त्यांनी चष्मा वर-खाली केला. मी गावाच्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

"सांगली," ते विचार करत म्हणाले, "हे युरोपीय संघात येतं का?"

"अजून नाही," मी म्हटलं.