ई-क्लासचा ठराव 'आयत्या वेळच्या विषयां'त नको

आमच्या भागात सध्या गावोगावी एकच चर्चा आहे. ई-क्लास, म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन, सोलर प्रकल्पाला द्यायची की नाही? पारावर तेच, कृषी केंद्रात खत घेताना तेच, तेरवीच्या जेवणातही तेच. दोन तट पडलेत आणि कालपर्यंत एकमेकांच्या वावरात सावड करणारे लोक आज बोलेनासे झालेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब होईल, पण पूर्ण वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सोलरला माझा विरोध नाही. हरभऱ्याला, गव्हाला रात्रीच्या लाईनवर पाणी देणं काय असतं ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. थंडीत रात्री दोन वाजता पायात गमबूट घालून, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन बारे मोडायचे. साप, विंचू, रानडुक्कर काहीही समोर येतं. दिवसाची लाईन हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. सबस्टेशनच्या जवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्या वीजेवर शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाईनी, दिवसा चालवायचे. योजना चांगली आहे, ती व्हावी.

प्रश्न जमिनीचा आहे. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. योजनेत खाजगी जमीनही घेता येते आणि तिला भाडं चांगलं आहे. हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. आमच्या खरपड, मुरमाड वावरात सोयाबीन पेरून एवढं हाती लागत नाही. द्यायला तयार असलेले शेतकरी गावात आहेत. मग नजर ई-क्लासवरच का जाते? कारण खाजगी सातबाऱ्यावर बारा वारस असतात. एक बहीण सुरतला, एक भाऊ पुण्याला, वाटणीची केस दिवाणी कोर्टात. ई-क्लासचा मालक एकच, सरकार. एक आदेश निघाला की काम झालं, आणि भाडं नाममात्र. कंपनीची सोय मला समजते. पण तिच्या सोयीसाठी गावाची चराई का जावी, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, बाकी महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात ती आमच्या वऱ्हाडात ई-क्लास. तिचं महत्त्व कळायला गावाचं वर्ष पाहावं लागतं. मृग लागला की सगळं शिवार पेरलं जातं. तेव्हापासून सोयाबीन सोंगेपर्यंत ढोराला कोणाच्याच वावरात पाय टाकता येत नाही. धुऱ्यावरचं गवतसुद्धा ज्याचं त्याचं. त्या चार महिन्यांत गावातल्या गाई, म्हशी, बकऱ्या यांना तोंड घालायला एकच जागा उरते, ती ई-क्लास. कापूस निघाल्यावर ढोरं वावरात फिरतात, पऱ्हाटी खातात, तेव्हा ई-क्लास रिकामी दिसते. पावसाळ्यात तिथे मारवेल, पवन्या, कुसळी गुडघ्याच्या वर जाते. ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही पण पाच बकऱ्या आहेत, त्याच्या पोरीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे याच गवतातून येतात.

आणि सोलरसाठी या जागेची पाहणी झाली मे महिन्यात. उन्हाळ्यात ई-क्लासवर गोटे, तरवडाची झुडपं आणि धूळ याशिवाय काय दिसणार? पंचनाम्यात लिहिलं गेलं: मुरमाड, पडीक, वापर नाही. मी तो कागद वाचला. ज्यानं लिहिलं त्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी दिसलं ते लिहिलं. पण त्याच जागेवर ऑगस्टमध्ये सकाळी उभं राहिलं की आखरावरून, म्हणजे गावची ढोरं सकाळी गोळा होतात त्या जागेवरून, सुटलेली अख्ख्या गावाची ढोरं दिसतात. जमिनीचा वापर कोणत्या महिन्यात पाहायचा, यावर तिचं भवितव्य ठरतं, आणि तो महिना गावानं निवडलेला नव्हता.

आता ग्रामसभेबद्दल. नोटिशीत विषय होते जमाखर्च, घरकुल यादी, पाणीपट्टी वसुली, आणि शेवटी नेहमीचं वाक्य, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. ई-क्लासचा ठराव या शेवटच्या ओळीत आला. गट नंबर वाचला गेला, नकाशा दाखवला गेला नाही. सभा सकाळी अकराची. त्या वेळी गायकी, म्हणजे गावची ढोरं राखणारा, ढोरं घेऊन रानात, बकऱ्यावाल्या बाया निंदणाच्या मजुरीवर. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढ्या सह्या झाल्या, ठराव सर्वानुमते झाला. ज्यांचं त्या जमिनीवर रोजचं येणं-जाणं, त्यांच्यातला एकही माणूस त्या सभेत नव्हता. संध्याकाळी गायकी काकांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बाप्पा, मले काहून नाई इचारलं? म्या ढोरं कोठी नेऊ आता?" मला उत्तर देता आलं नाही.

सरपंचांची बाजूही सांगतो, कारण ते गावाचं वाईट चिंतणारे नाहीत. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं मिळतात. शाळेची गळती थांबेल, नाल्या होतील. वसुलीच्या नावानं बोंब असलेल्या ग्रामपंचायतीला ही रक्कम मोठी आहे. पण पैसे तीन वर्षांचे आणि वीजखरेदीचा करार 25 वर्षांचा असतो. तारेचं कुंपण एकदा पडलं की आज पाचवीत असलेलं पोरगं पस्तिशीचं होईपर्यंत ते हलणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी कोणी मोठ्यानं बोलत नाही. ई-क्लासच्या कडेला आमच्या गावातल्या भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबांनी पिढीभर कसलेले तुकडे आहेत. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी वहिवाट नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 सालचा आहे, तरी कितीतरी लोकांचे प्रस्ताव अजून फायलीतच आहेत. आमच्या शेजारच्या आजीनं अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या खताच्या पिशवीत गुंडाळून उतरंडीत जपून ठेवल्यात. दंड भरल्याची पावती हाच तिचा पुरावा. मोजणी आली तेव्हा ती पिशवी घेऊन धुऱ्यावर बसून होती. तिला कोणी विचारलं नाही आणि नकाशात तिच्या तुकड्याची खूणही नाही.

कायदा या बाबतीत गप्प नाही. महसूल संहितेचं कलम 22 चराईसाठी जमीन राखून ठेवतं. 2017 मध्ये त्यात 22-अ घातलं गेलं ते गायरान सहजासहजी वळवता येऊ नये म्हणूनच. सार्वजनिक प्रकल्पालाही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच गायरान. सुप्रीम कोर्टानं 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी गावासाठीच राहिल्या पाहिजेत हे बजावलं. शहराचा विकास आराखडा बदलायचा तर प्रारूप प्रसिद्ध होतं, नकाशा पाहायला मिळतो, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. शेतीच्या हिरव्या पट्ट्याचा रहिवासी पिवळा करायलाही कागद फिरतो. गावची सगळ्यात मोठी सामायिक जमीन मात्र एका ओळीत जाते.

पूर्व विदर्भात याचंच वेगळं रूप आहे. तिकडे सहा जिल्ह्यांत 86 हजार हेक्टरांहून जास्त जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली. महसूल म्हणे आमची, वन विभाग म्हणे आमची, आणि तिच्यावर घरं, शाळा, स्मशानं, वावरं उभी राहिली. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं ती वनजमीनच आहे असा निर्णय दिला आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळा मार्ग काढला. तोपर्यंत दोन पिढ्या टांगणीला होत्या. आमच्याकडे ते व्हायला नको.

आणि ई-क्लास राखता येते, हे वऱ्हाडातच दिसतं. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजाच्या लोकांनी ई-क्लासवरची गवताळ रानं राखली आहेत. जुन्या शिकारीच्या धंद्यासाठी ज्यांना जन्मभर पोलिसांनी हाकललं, त्यांनी हे केलं. आपल्याकडं तर अख्खी ग्रामपंचायत आहे.

म्हणून माझी मागणी अशी. पुन्हा ग्रामसभा घ्या, रात्री आठला, ढोरं घरी आल्यावर. विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच ठेवा. गट नंबरचा नकाशा आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, त्यावर आखर, नाल्याकडे पाण्यावर जाणारी ढोरवाट आणि कसलेले तुकडे दाखवा. ज्या शेतकऱ्यांना खाजगी खरपड भाड्यानं द्यायची आहे त्यांची यादी आधी करा, आणि त्यातून भागत नसेल तरच ई-क्लासच्या तुकड्याचं बोला. जागेची पाहणी श्रावणात करा. एवढं झाल्यावर गावानं बहुमतानं दिली तर मी पहिली सही करीन.

उद्या आम्ही काही जण तहसील कार्यालयात अर्ज देतोय, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर आधी इतिवृत्ताची नक्कल मागा आणि तारीख, उपस्थिती, विषय क्रमांक तपासा. अर्जाचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये तालुक्याचं नाव लिहा, पाठवतो.