एजंटची फी आणि पहिला चेक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बराचसा ओसरला. नाव लिहिलेलं नाहीत, पण 15 वर्षं होमलोनच्या फाइली फिरवताय म्हणता, म्हणजे धंद्यातले आहात. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की कर्ज करून देणाऱ्या एजंटला डिस्बर्समेंट होईपर्यंत, म्हणजे बँकेकडून कर्जाचे पैसे प्रत्यक्ष सुटेपर्यंत, एक रुपयाही देऊ नका. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे एसीत बसून सुचलेलं शहाणपण आहे. एजंट महिनाभर राबतो आणि सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात पडलं की गिऱ्हाईक फोन उचलत नाही, थेट शाखेत जाऊन काम उरकतं. "आमची मेहनत काय फुकटची?" हा तुमचा सवाल.

फुकटची नाही. "एक रुपयाही" हे मी फटकन लिहून गेलो, ते मागे घेतो. (एसीचं म्हणाल तर तो आमच्याकडे गेल्या मे महिन्यात आला.) पण सँक्शन झालं की फी मागायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

भांडुपला रीसेलचा वन बीएचके ठरवला तेव्हाची गोष्ट. एजंट ओळखीतूनच मिळालेला. आठ दिवसांत सँक्शन आणलं, पेढे घेऊन घरी आला आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "साहेब, आपलं तेवढं बघा." 15 हजार रोख दिले. पावती मागायचं सुचलंही नाही. तोंडात पेढा असताना कसं सुचणार? पुढच्या आठवड्यात बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. फ्लॅट तीनदा विकला गेला होता, आणि बिल्डर व पहिला मालक यांच्यातला 1988चा करार विकणाऱ्याकडे नव्हताच. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या करारांची चेन तुटलेली. एजंटला फोन लावला तर उत्तर तयार होतं: "सँक्शन मी करून दिलं ना? लीगलला अडकलं त्याला मी काय करू?"

शब्दाला धरून तो बरोबर होता. गोम तिथेच आहे.

सँक्शन बहुतेक वेळा माणसाचं होतं, घराचं नाही. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, सिबिल (आधीच्या कर्जफेडीची नोंद), चालू हप्ते बघून बँक म्हणते, या माणसाला एवढं कर्ज झेपेल. फ्लॅटचे कागद वकील बघतो, फ्लॅट व्हॅल्युअर (बँकेतर्फे घराची किंमत ठरवणारा) बघतो, आणि ते त्यानंतर. मुंबईत घोळ निघतात ते नेमके इथे. कुठे इमारतीची ओसी (भोगवटा दाखला) नाही, कुठे बाल्कनी आत घेतलेली, कुठे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून आजोबांच्याच नावावर आणि वारसांपैकी एक नागपूरला, एक न्यू जर्सीला. नोकरदाराची फाइल साफ असेल तर सँक्शन हल्ली दोन-चार दिवसांतही येतं. म्हणजे सोप्या कामाचे पैसे आधी मोजून घ्यायचे आणि अवघड काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. हा कुठला हिशेब?

रकमेचंही तेच. समजा करार 1 कोटी 10 लाखांचा आहे. 75 लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, म्हणून सँक्शन निघालं 82 लाख 50 हजारांचं. मग व्हॅल्युअर आला आणि त्याने किंमत धरली 1 कोटी. बँक दोन्हींतली कमी किंमत धरते. कर्ज आलं 75 लाखांवर आणि साडेसात लाखांचा खड्डा पडला. वर 6 टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि 30 हजार रजिस्ट्रेशन, तेही त्या कर्जात बसत नाहीत. त्या माणसाने तुम्हाला 82 लाख 50 हजारांवर अर्धा टक्का आधीच देऊन ठेवला असेल, तर न मिळालेल्या साडेसात लाखांवरची तुमची फी तुम्ही परत करता का? खरं सांगा.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर गाळलीत, ती म्हणजे पेआउट. डीएसए (बँकेसाठी कर्जाची गिऱ्हाइकं आणणारा एजंट) असाल तर बँक तुम्हाला कर्जाच्या रकमेवर कमिशन देते, आणि तेही डिस्बर्समेंट झाल्यावर. सँक्शन लेटरवर तुमची बँकच तुम्हाला पैसे देत नाही, मग गिऱ्हाइकाने का द्यावेत? इंडियन बँक्स असोसिएशनची डीएसएंसाठी आदर्श आचारसंहिता आहे, तिच्यात ग्राहकाकडून भेटवस्तू किंवा लाच घेऊ नये असं लिहिलंय. पेढे देण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, हे मान्य.

आता तुमची बाजू. माझं कर्ज शेवटी झालं ते दुसऱ्या एका गृहस्थांमुळे. ते कुठल्याच बँकेचे डीएसए नव्हते, त्यामुळे पेआउटचा प्रश्न नव्हता. पहिल्याच भेटीत म्हणाले, "माझे 20 हजार. पाच आत्ता, ते धावपळीचे. कागद नाही मिळाला तरी परत मागायचे नाहीत. बाकीचे पंधरा विकणाऱ्याच्या हातात बँकेचा चेक पडेल त्या दिवशी." लगेच हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आणि मला 'ओके' लिहायला लावलं. मग निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स टूचा (नोंदणी झालेल्या करारांच्या सूचीचा) सर्च घेतला. पहिल्या दिवशी वर्ष चुकलं, दुसऱ्या दिवशी रजिस्टर मिळेना, तिसऱ्या खेपेला त्या कराराची सर्टिफाइड कॉपी हातात घेऊन आले, शर्टाला धूळ लागलेली. मूळ करार हरवल्याची पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस हेही त्यांनीच मागे लागून करून घेतलं. चेकच्या दिवशी पंधरा हजार देताना मला जराही जड गेलं नाही. आधीचे पाच हजारही रास्तच होते. म्हणून तुमच्यापुढे "एक रुपयाही" हे वाक्य टिकत नाही.

गिऱ्हाइकं पळतात हेही खरं आहे. माझ्या मावसभावाने हेच केलं, आणि वर लग्नाच्या पंगतीत फुशारकीने सांगितलं. अशांसाठीच पहिल्या दिवशी ठरवून, लिहून थोडी रक्कम घ्या. गिऱ्हाइकानेच सौदा मोडला तर ती तुमची. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत कर्ज स्लॅबनुसार, म्हणजे बांधकाम वर चढेल तसं, दोन-तीन वर्षं सुटत राहतं, तिथे शेवटच्या हप्त्यापर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवणं अन्यायाचं होईल. पहिला हप्ता सुटला की तुमची फी पूर्ण द्यावी, असं माझं मत झालंय. मागच्या लेखात हे आलंच नव्हतं.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन हे बँकेचे पैसे बँकेच्याच खात्यात जायला हवेत, एजंटच्या जीपेवर नाही. 1 ऑक्टोबर 2024पासून बँकेला किरकोळ कर्जाच्या प्रत्येक ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे आकार लिहिलेले असतात, आणि त्यात नसलेला आकार बँक ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावू शकत नाही. तेव्हा कुणी "फाइल चार्ज बँकेचा आहे" म्हणालं की तो कागद पुढे करायचा. तुमची फी तुमची म्हणून मागा, तीत लाजण्यासारखं काही नाही. ती बँकेच्या नावावर खपवली जाते, राग त्याचा येतो.

लेखातलं ते वाक्य आज बदलतो आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करतो. चेन तुटलेल्या फाइली तुम्हीही सोडवल्या असतीलच, त्यातली एखादी सविस्तर लिहून पाठवा, छापतो. आधी मात्र त्या पेआउटच्या प्रश्नाचं उत्तर द्या.