व्हिक्टरचा गुन्हा वेगळाच आहे

आज दुपारी भाचीच्या कॉलेजचं ऑनलाईन व्याख्यान चालू होतं, विषय कृत्रिम बुद्धिमत्ता. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. शेवटाकडे वक्ते म्हणाले की मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाईन' कादंबरी हेच तर सांगते: माणसाने फार महत्त्वाकांक्षा धरू नये, देव व्हायला जाऊ नये, नाहीतर आपणच केलेला भस्मासुर आपल्यावर उलटतो. पोरांनी धडाधड टाळ्यांचे इमोजी टाकले. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही.

भस्मासुर? अहो, भस्मासुराने तप केलं, शंकराकडून वर मागून घेतला आणि मग त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. कादंबरीतल्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन या तरुण शास्त्रज्ञाने प्रेतांचे तुकडे जोडून जो जीव घडवला, त्याने कुणाकडे काय मागितलं होतं? 1818 साली पुस्तक निघालं तेव्हा मेरीने शीर्षकपानावरच इंग्रज कवी मिल्टनच्या काव्यातला, आदमने देवाला केलेला सवाल छापला होता. मला मातीतून माणूस कर, असं मी तुला म्हटलं होतं का? गोष्ट सुरू व्हायच्या आधी बाईने प्रश्न टाकलाय आणि दोनशे वर्षांनीही आपण पोरांना सांगतोय की महत्त्वाकांक्षा वाईट.

महत्त्वाकांक्षेने व्हिक्टरकडून काय करून घेतलं ते नीट बघा. शरीराचे बारीक भाग जुळवायला वेळ लागतो म्हणून त्याने देहच आठ फुटांचा करायचं ठरवलं. ज्या आकाराला पुढे सगळं जग घाबरलं, तो याच्या घाईतून आला. नवी मनुष्यजात मला निर्माता म्हणून धन्यवाद देईल, कुठल्याही बापाला मुलाकडून मिळाली नसेल इतकी कृतज्ञता मला मिळेल, ही स्वप्नं तो आधीच बघत होता. कृतज्ञता हवी होती त्याला. मूल नको होतं.

आणि मग ती नोव्हेंबरची रात्र. बाहेर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. तो देह पिवळसर डोळा उघडतो, श्वास घेतो. जवळजवळ दोन वर्षं राबून झाल्यावर व्हिक्टर काय करतो? किळस येऊन खोलीबाहेर पळतो. जाऊन झोपतो! जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा वर करून याच्याकडे बघत उभा असतो. तोंडातून काहीतरी अस्फुट आवाज, चेहऱ्यावर हसण्यासारखं काही, आणि एक हात पुढे केलेला. व्हिक्टर पुन्हा पळतो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी सापडते, तर आनंदाने टाळ्या वाजवतो.

हे वाचताना मला दरवेळी एक सरकारी दवाखाना आठवतो. वहिनीच्या बाळंतपणाला मी सोबत होते. समोरच्या खाटेवरच्या मुलीला मुलगा झाला, पण ओठ दुभंगलेला, थेट नाकापर्यंत. बाप पेढ्यांचा पुडा घेऊन आला. दुपट्यात डोकावला, पुडा स्टुलावर ठेवला, 'येतो जरा' म्हणाला आणि गेला. आम्ही तिथे होतो तोवर काही तो परत आला नाही. पोराला अंगावर ओढता येत नव्हतं. त्या मुलीची आई मांडीवर घेऊन बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजायची. अर्धं नाकातून बाहेर यायचं, की पुसायचं, पुन्हा थेंब. सिस्टरने एकदा 'अगं बाई, कसं दिसतंय' म्हटलं, तर ती बाई शांतपणे म्हणाली, "शिवतात म्हणे ओठ. तोवर मी आहे."

आता म्हणाल, बाप घाबरला असेल, लहान होता. असेल, मान्य. व्हिक्टरही त्या धसक्याने कित्येक महिने अंथरुणाला खिळला होता. पण बरा झाल्यावर? एकदा तरी शोधायला गेला? मित्राबरोबर गावाच्या आसपास पायी सहलीला मात्र गेला!

इकडे तो बिनानावाचा जीव जंगलात थंडीने कुडकुडत, आग म्हणजे काय ते हात भाजून शिकत होता. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारच्या खोपटात लपून त्यांचं बोलणं ऐकत तो भाषा शिकला, चोरून ऐकत वाचायला शिकला. त्यांचं अन्न आपण खातोय हे कळल्यावर त्याने ते घेणं बंद केलं आणि रात्री त्यांच्यासाठी जळण तोडून आणू लागला. आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलला, कारण त्याला दिसत नव्हतं. डोळस मुलगा आला आणि त्याने काठीने बडवला. नदीत वाहून चाललेल्या मुलीला त्याने बाहेर काढलं, तर गोळी खाल्ली. मी चांगला होतो, दुःखाने मला राक्षस केलं, हे तो निर्मात्यासमोर उभं राहून सांगतो.

होय, त्याने खून केले. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा गळा दाबला, पुढे त्याचा मित्र क्लर्व्हल, मग त्याची नवी नवरी एलिझाबेथ. त्याला क्षमा नाही आणि मी मागतही नाही.

पण जस्टीनचं काय? विल्यमच्या खुनाचा आळ त्या बिचाऱ्या मोलकरणीवर आला. खरा खुनी कोण याची व्हिक्टरला खात्री होती. तोंड उघडलं नाही. लोक वेडा म्हणतील! पोरगी फासावर गेली आणि हा स्वतःच्या पश्चात्तापाची वर्णनं करत बसला, तिच्यापेक्षा मलाच जास्त यातना होतायत म्हणे. या जागी मी दरवेळी पुस्तक मिटून ठेवते. त्या दवाखान्यात बाप निघून गेला आणि बोलणी मात्र त्या बाळंतिणीने ऐकली, ग्रहणात काय चिरलंस गं म्हणून. करून पळणारा सुटतो, मागे राहील त्याने भोगायचं.

लिहिता लिहिता मेरीचीच आठवण येतेय. 1797 साली ती अकरा दिवसांची असताना बाळंतरोगाने तिची आई गेली. 1815 मध्ये तिची स्वतःची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली आणि काही दिवसांतच गेली. नंतर तिने डायरीत एक स्वप्न लिहिलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या तळ्याकाठी, अठराव्या वर्षी, तिने ही कथा लिहायला घेतली. निपचित देहात जीव यावा म्हणून तळमळलेली मुलगी ती. जीव आल्यावर पाठ फिरवणाऱ्याबद्दल तिला काय वाटलं असेल! निर्मितीची हौस वाईट, एवढंच तिला म्हणायचं होतं, हे मला कुणी पटवूच शकणार नाही.

तसं पुस्तकात ते वाक्य आहे. माझ्यापासून शिका, महत्त्वाकांक्षा टाळा. पण म्हणतं कोण? व्हिक्टर! आरोपीचाच जबाब आपण तात्पर्य म्हणून शिकवतो. आणि तोही त्यावर टिकत नाही. शेवटी त्या जिवाचा पाठलाग करत तो उत्तरेच्या बर्फात पोचतो आणि एका जहाजावर आसरा घेतो. बर्फात अडकलेल्या त्या जहाजावरचे खलाशी घरी चला म्हणतात, तेव्हा हाच मरायला टेकलेला माणूस त्यांना भित्रे म्हणतो, पुढे जायचं भाषण ठोकतो. गेल्या आयुष्यात मला दोष देण्यासारखं काही सापडत नाही असं म्हणतो आणि जाता जाता, मला जमलं नाही, दुसऱ्या कुणाला जमेल, हेही. मरेपर्यंत त्याला आपण काय केलं ते कळलेलं नाही. जहाजाचा कप्तान वॉल्टन मात्र मागे फिरायला तयार होतो, कारण खलाशांना त्यांच्या मनाविरुद्ध धोक्यात नेणं त्याला जमत नाही.

मेरी वेगळी होती. पहिल्या आवृत्तीवर तिचं नाव नव्हतं, नवऱ्यानेच लिहिलं असेल असं पुष्कळांना वाटलं. 1831 च्या आवृत्तीत तिने स्वतः प्रस्तावना लिहिली. पुस्तकाला आपलं विद्रूप अपत्य म्हटलं, त्याच्यावर आपली माया आहे हेही लिहिलं आणि जा, भरभराट होवो असा आशीर्वाद दिला.

भाचीला मी सांगितलंय, 1931 च्या सिनेमातला मुका राक्षस डोक्यातून काढून टाक आणि पुस्तक वाच. तुम्हीही वाचा. फुकट मिळतं नेटवर. वेळ नसेल तर नंतरच्या आवृत्तीतली अकरा ते सोळा एवढी प्रकरणं तरी वाचा, तिथे तो स्वतः बोलतो. मग इथे कमेंटमध्ये या आणि माझ्याशी भांडा.