रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव ‘उष्णतेचा’ नसतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील स्त्रीशक्ती संघांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मराठी संदेश फिरत आहे. त्याखाली कोणाचेही नाव नाही, पण भाषा मायेची असल्यामुळे तो लगेच पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही, थोडे लाल दिसले तर ती अंगात साठलेली उष्णता असते; दुखत नसेल आणि एखादाच डाग असेल तर काळजीचे कारण नाही; धण्याचे पाणी आणि दूर्वांचा रस घेतला की आठवड्यात थांबते; शिबिरातील तपासणी चांगली आली असेल किंवा पिशवी काढलेली असेल तर प्रश्नच नाही; आणि डॉक्टरकडे गेलात तर ते तुकडा काढतील, त्याने कॅन्सर पसरेल, नाहीतर सरळ पिशवीच काढून टाकतील. यातील शेवटची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून या संदेशाला नुसती अफवा म्हणून बाजूला सारता येत नाही. परंतु हा सल्ला मानणाऱ्या स्त्रीचे जे नुकसान होऊ शकते ते नंतर भरून येणारे नसते, म्हणून त्यातील एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी उष्णतेचा दावा. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते, आणि भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारणपणे ४६-४७ वर्षांच्या आसपास घडते. त्याआधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, दोन-तीन महिने चुकते आणि पुन्हा येते. संदेश लिहिणाऱ्याने पाळी जाण्याचा हा काळ आणि ती गेल्यानंतरचा काळ एकच धरला आहे, आणि मुख्य घोटाळा तिथेच आहे. पाळी जातानाही फार अंगावर जात असेल किंवा मधेच रक्त दिसत असेल तर दाखवावेच लागते, परंतु बारा महिने पूर्ण कोरडे गेल्यानंतर आलेल्या रक्ताला ‘चुकलेली पाळी’ हे स्पष्टीकरणच उरत नाही. बीजकोशांचे काम थांबलेले असते, गर्भाशयाचे आतले अस्तर पातळ झालेले असते आणि महिन्याच्या महिन्याला बाहेर पडावे असे तिथे काही तयार होत नसते. तरीही रक्त आले, तर ते कुठल्या तरी ठरावीक जागेवरून, ठरावीक कारणाने आलेले असते आणि ते कारण शोधता येते.

ही कारणे बहुतेक वेळा साधीच असतात. संप्रेरके कमी झाल्याने योनीमार्गाचा किंवा अस्तराचा थर सुकून नाजूक होतो आणि त्यातून रक्त येते. हे सर्वांत जास्त आढळते. गर्भाशयात किंवा त्याच्या मुखाशी लहानसा मांसल कोंब वाढलेला असतो, ज्याला पॉलिप म्हणतात. अंग बाहेर येत असेल तर ते कपड्याला घासून जखम होते. कधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली तांबी आतच राहून गेलेली असते आणि बाईच्याही ती लक्षात नसते. हृदयविकारानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही रक्त येऊ शकते, मात्र ‘गोळ्यांमुळेच असेल’ असे घरी बसून ठरवणे चुकीचे आहे, कारण अशा गोळ्या कधीकधी आधीपासून दडलेला दोषच उघड करतात.

आता त्या संदेशातील सर्वांत घातक वाक्याकडे येतो: दुखत नसेल आणि एखादाच डाग असेल तर काळजी नको. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. तो वेदना देऊ लागतो तेव्हा बहुधा बराच पुढे गेलेला असतो. रक्त किती आले यावरूनही काही ठरत नाही. फिकट गुलाबी पाणी, तपकिरी डाग किंवा दुर्गंधी असलेला स्राव यांचे महत्त्व लालभडक रक्ताइतकेच आहे. २०१८ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४० हजारांहून अधिक स्त्रियांवरील जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ९ जणींना हा कर्करोग निघाला, आणि उलट बाजूने पाहिले तर हा कर्करोग झालेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ९० जणींना आधी असा रक्तस्राव झालेला होता. ही दोन्ही प्रमाणे एकत्र वाचली पाहिजेत. पहिले सांगते की दहापैकी नऊ वेळा भीतीचे कारण निघत नाही. दुसरे सांगते की हा आजार बहुतेक स्त्रियांना वेळेवर, उघड खूण दाखवतो, आणि शरीरातील फार थोडे कर्करोग अशी सोय देतात. आजार गर्भाशयापुरताच असताना सापडला तर अमेरिकेतील आकडेवारीनुसार १०० पैकी सुमारे ९५ स्त्रिया पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण २० च्याही खाली जाते. धण्याचे पाणी पीत घालवलेले महिने या दोन आकड्यांच्या मधले असतात.

ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब आहे, ज्यांचे वजन वाढलेले आहे, ज्यांना मूल झालेले नाही, ज्यांची पाळी पंचावन्नच्या पुढे गेली किंवा ज्या स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेतात, त्यांनी तर एक दिवसही वाया घालवू नये. चरबीच्या पेशी पाळी गेल्यानंतरही अस्तर वाढवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करत राहतात, आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मात्र शरीरात जवळजवळ उरलेले नसते. त्यामुळे अस्तर हळूहळू जाड होत जाते आणि काही जणींमध्ये त्याचे रूपांतर कर्करोगात होते.

आपल्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोगही विसरून चालणार नाही. एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा हा आजार भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना होतो, आणि पाळी गेल्यानंतरचे रक्त, विशेषतः संबंधानंतर दिसणारे रक्त, हे त्याचे लक्षण असू शकते. साठीच्या स्त्रीला ही गोष्ट सुनेला किंवा मुलाला सांगणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. देवळाची पायरी चढायची की नाही याचाही घोर तिच्या मनाला लागतो. या संकोचात ती एकटी पडते, आणि ‘काही नाही, उष्णता आहे’ असे सांगणारा संदेश तिला नेमका त्याच वेळी हवासा वाटतो.

घरगुती उपायांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. धणे आणि दूर्वा यांनी अपाय होतो असे मी म्हणत नाही. असे रक्त अनेकदा आपोआपच थांबते, आणि श्रेय शेवटच्या प्यालेल्या काढ्याला मिळते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या रक्त थांबवण्याच्या गोळ्यांचेही तसेच आहे: डाग थांबतो, कारण आतच राहते.

‘शिबिरातील तपासणी चांगली आली होती’ हा दिलासा चुकीच्या जागी दिलेला आहे. पॅप स्मिअर ही तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. आतल्या अस्तराचा कर्करोग ती भरवशाने पकडत नाही. व्हिनेगरसारखे द्रावण लावून केली जाणारी तपासणी तर पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये आणखी कमी उपयोगी पडते, कारण जो भाग पाहायचा असतो तोच वयानुसार आत सरकलेला असतो. शिवाय या सगळ्या चाचण्या लक्षणे नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. रक्त आल्यानंतर मागच्या वर्षीचा चांगला अहवाल दाखवून सुटका होत नाही.

पिशवी काढलेल्यांचे काय? चिकोडी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यात तिशी-चाळिशीतच पिशवी काढलेल्या स्त्रिया भेटतात. काही शस्त्रक्रियांमध्ये गर्भाशयाचे मुख तसेच ठेवलेले असते, आणि योनीमार्ग तर सर्वांचाच राहतो. रक्त त्या जागांवरूनही येऊ शकते. अशा स्त्रीने बारा महिने मोजत बसण्याचा प्रश्नच नाही, कारण तिची पाळी शस्त्रक्रियेनेच थांबलेली असते. तिने कधीही रक्त दिसले तर दाखवावे आणि जुने कागद सोबत न्यावेत.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हे खरे नाही. पेनातील रिफिलसारखी एक बारीक नळी आत घालून अस्तराचा नमुना घेतला जातो. बहुधा भूल द्यावी लागत नाही, काही मिनिटे पाळीसारखी कळ येते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. त्याआधी योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, आणि अनेक जणींना तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी या मोजमापासाठी पुरेशी पडेलच असे नाही, हे विचारून घ्यावे.

राहिली ती पिशवी काढून टाकण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. आपल्याकडच्या कारखान्यांच्या हंगामाला ज्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या येतात, तिथल्या ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ साली न्यायालयाने त्या रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे आदेश दिले. अशा अनुभवानंतर बायका घाबरतात याचा दोष मी त्यांना देणार नाही. परंतु या भीतीवरचा उपाय तपासणी टाळणे हा नसून तपासणीचा कागद हातात घेणे हा आहे. तुकड्याचा अहवाल येण्यापूर्वी कोणी पिशवी काढण्याची तारीख देत असेल, तर ‘आधी अहवाल पाहू’ असे म्हणण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा प्रत्येक स्त्रीला पूर्ण अधिकार आहे. थर सुकलेला असेल तर लावायच्या मलमाने भागते, पॉलिप दुर्बिणीतून काढता येतो, अस्तर नुसते जाड झाले असेल आणि पेशी बिघडलेल्या नसतील तर बहुधा औषधाने ते आटोक्यात येते. पेशी बिघडलेल्या असतील किंवा कर्करोग असेल तर मात्र गर्भाशय काढणे हाच सामान्यतः योग्य उपचार असतो, आणि तिथे भिऊन मागे फिरणे धोक्याचे आहे.

दाखवायचे कुठे, तर सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र मोठ्या खासगी रुग्णालयात जाण्यासाठी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र बहुधा लागते. निपाणीकडच्या ज्यांना कोल्हापूर जवळ पडते, त्यांनी कर्नाटकाचे कार्ड तिथे चालते का हे आधी विचारून घ्यावे. कागद कन्नडमध्ये असल्यामुळे अडत असेल तर आशाताईंना सोबत न्यावे. डॉक्टरांना शेवटची पाळी कोणत्या वर्षी आली, रक्त कोणत्या तारखेला दिसले आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत एवढे स्पष्ट सांगावे; लघवीतून की शौचावाटे रक्त येते हे नक्की कळत नसेल तर तेही सांगावे, कारण त्या दोन्हींचाही तपास करावाच लागतो. आणि पहिल्या वेळी सोनोग्राफीत अस्तर पातळ निघाले, सगळे ठीक आहे असे सांगून घरी पाठवले, पण काही आठवड्यांनी पुन्हा डाग दिसला, तर आधीचा अहवाल घेऊन पुन्हा जावे आणि आता तुकड्याची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारावे.