रिव्ह्यूला उत्तर: पुस्तकांच्या खोलीत कूलर का नाही

नमस्कार. आमच्या साहित्य केंद्राला दोन तारे देताना आपण लिहिलंत की मे महिन्यातही पुस्तकांच्या खोलीत कूलर नाही, समोरची चांगली खोली छपाईच्या जुन्या मशीनने अडवली आहे, तिथे चहा नेऊ दिला नाही आणि कविसंमेलनाला हॉल फार लहान आहे.

आधी कूलरचं. कूलर हवेत ओल सोडतो. नागपूरच्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हात ती अंगाला बरी वाटते, पण कागदही ती ओढून घेतो. पानं फुगतात, बांधणी सैल होते, बुरशी धरते. आमच्याकडे विदर्भातल्या छोट्या नियतकालिकांचे जुने अंक आहेत आणि त्यातले बरेच गेले तर परत मिळायचे नाहीत. म्हणून कपाटांची खोली आतली, जाड भिंतींची, नुसत्या पंख्याची. हवं ते पुस्तक काढून शेजारच्या वाचनखोलीत बसा, तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालतो. एसीचं बिल वर्गणीवर पडेल आणि काटोल-उमरेडहून एसटीने येणाऱ्या मुलांना ती वर्गणी झेपणार नाही.

मशीनबद्दल मात्र आपलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. ती ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, चालू आहे. कवितेच्या कार्यशाळेत प्रत्येकजण स्वतःच्या चार ओळी खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांनी, जुळवतो. अक्षरं उलटी, जोडाक्षरांना केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, वेगळी घरं. नवख्याला एकेका ओळीला इतका वेळ लागतो की नको असलेलं विशेषण तो स्वतःच काढून टाकतो. हे शिक्षण मला दुसऱ्या कशाने देता आलेलं नाही. बारीक खिळे ओळखायला उजेड लागतो, म्हणून समोरची खोली. खिळ्यांत शिसं असतं, म्हणून तिथे खाणंपिणं नाही.

हॉल लहानच राहील. मोठ्या कार्यक्रमांना रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, झाशी राणी चौकात 1923 पासून काम करणाऱ्या विदर्भ साहित्य संघाची वास्तू आहे. आम्हाला माईकशिवाय शेवटच्या सतरंजीपर्यंत आवाज पोचेल अशी जागा हवी होती. भंडारा-गोंदियाकडून झाडीबोलीत, म्हणजे तिकडच्या मराठी बोलीत, गोष्टी सांगणारी माणसं येतात. समोर माईक ठेवला की त्यातली काही एकदम पुस्तकी बोलायला लागतात, आणि ज्यासाठी त्यांना बोलावलं तेच हातचं जातं. ती बोलत असताना कूलरही बंद असतो. उकडतं, हे खरं. म्हणून उन्हाळ्यातल्या बैठका आम्ही रात्री गच्चीवर घेतो.

सोमवार सोडून दुपारी चारनंतर मी इथेच असते. येताना आपल्या चार ओळी घेऊन या, केस उघडून देते.