सत्तावन्न नंबरचं वळण

घरापासून माझं ऑफिस सरळ मोजलं तर साडेचार किलोमीटर, आणि बसने गेलं की बारा. मधले साडेसात किलोमीटर जातात कुठे याचा छडा लावायचं मी गेल्या महिन्यात ठरवलं, कारण त्या दिवशी पाऊण तास ताटकळल्यावर दोन ५७ नंबर एकदम आल्या, पहिलीच्या दारात माणसं लोंबकळतायत, दुसरीत ड्रायव्हर-कंडक्टर सोडून चिटपाखरू नाही, आणि मी सवयीने पहिलीलाच लोंबकळलो.

हा माझ्याविरुद्धचा कट आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण नाही, १९६४ साली नेवेल आणि पॉट्स या दोघा संशोधकांनी याचं चक्क गणित मांडून ठेवलंय. बस जराशी लेट झाली की पुढच्या स्टॉपवर तेवढी जास्त माणसं जमलेली असतात, ती चढेपर्यंत ती अजून लेट, त्यापुढच्या स्टॉपवर अजून माणसं, आणि मागच्या बिचारीला सगळे स्टॉप झाडून-पुसून रिकामे मिळतात म्हणून ती सुसाट येते आणि पुढचीच्या बुडाला चिकटते. म्हणजे "मागून रिकामी येतेय" हे कंडक्टरचं वाक्य, जे मी आजवर थाप म्हणून ऐकलं, ते गणित निघालं!

तर वळण. आमची ५७ नंबर हायवेवरून छान चाललेली असते आणि अचानक तिला काय होतं कोण जाणे, ती डावीकडे एका गल्लीत शिरते. गल्लीच्या टोकाला एक बंद गेट, गेटवर गंज, गंजावर वेल. तिथे बस थांबते. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. दोन मिनिटं आम्ही सगळे त्या गेटकडे बघत बसतो, श्रद्धांजलीला उभं राहावं तसं, मग डबल बेल, आणि आलो तसे परत. मी कंडक्टरला विचारलं, इथे का येतो हो आपण? तो म्हणाला, "पूर्वीपासून येते." ड्रायव्हरला विचारलं, त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं फक्त.

मग मी पूर्वीपासून म्हणजे कधीपासून ते शोधायला बसलो आणि वाहवत थेट १६६२ मध्ये पोचलो. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, गाडी भरो न भरो सुटणारच, ही आयडिया पॅरिसमध्ये सुरू करणारा माणूस कोण, तर पास्कल. हो, तोच, शाळेत दाबाच्या नियमाने आपल्याला छळणारा. बंदिस्त जागेत दाब सर्व दिशांना सारखाच जातो, हे ज्याला कळलं त्यालाच बस सुचावी यात नवल नाही, मी तर रोज प्रॅक्टिकल करतो. मार्चमध्ये गाड्या सुरू झाल्या, ऑगस्टमध्ये पास्कल गेला. शिवाय सैनिक आणि नोकरचाकर यांना गाडीत बंदी होती, म्हणजे ज्यांना गरज त्यांनी पायी जावं, हे धोरणही तेव्हापासूनचंच.

पुढे १८२६ साली फ्रान्समधल्याच नांत शहरात बोद्री नावाच्या गृहस्थाने गावाबाहेर गरम पाण्याचं स्नानगृह काढलं आणि गिऱ्हाइकं आणायला गाडी ठेवली. लोक गाडीत बसायचे, मध्येच कुठेतरी उतरायचे, अंघोळीला कोणी येईना! शेवटी त्याने अंघोळीचा नाद सोडला आणि गाड्यांचाच धंदा धरला. त्या गाडीचं नाव ऑम्निबस, लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. त्यातलं 'सर्व' गळालं आणि उरलं ते 'बस', म्हणजे निव्वळ चतुर्थीच्या प्रत्ययाची शेपटी. इतकी वर्षं आपण स्टॉपवर उभं राहून एका विभक्तीप्रत्ययाची वाट बघतोय.

लंडनला ही गाडी आणली शिलिबीरने, ४ जुलै १८२९, पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड, तीन घोडे आणि २२ माणसं. धंदा बुडाल्यावर तो अंत्ययात्रेच्या गाड्यांकडे वळला. शहाणा माणूस. त्या धंद्यात पॅसेंजर आधीच लेट असतो, तक्रार कोण करणार.

हे सगळं समजून माझी गल्ली काही सुटेना. ती सुटली आमच्याच स्टॉपवर. तिथे एक आजोबा रोज येऊन बसतात, बसने जात कुठेच नाहीत, मला आधी वाटलं विसराळू असतील, तर ते निघाले रिटायर्ड टाइमकीपर. म्हणाले, गेटच्या आत कारखाना होता, तीन शिफ्टची माणसं त्या गल्लीत उतरायची, मुळात बसच त्या कारखान्यासाठी निघाली. कारखाना बंद पडला तोवर बाजूला शाळा आली होती. शाळा हलली तोवर पुढचा रस्ता वन-वे झाला. "आणि समजा आज वळण काढलं," आजोबा म्हणाले, "तर फेरीची नऊ मिनिटं वाचतील. मग सगळ्यांची ड्युटी नव्याने लावायची. कोण लावणार? तू?"

मी गप्प बसलो. पण मला एकदम तो रूट दिसायला लागला. देवळाजवळचा वळसा कोणाच्या तरी अर्जामुळे, हॉस्पिटलचा फेरा कुठल्यातरी मोर्चामुळे, पुलाखालचं यू-टर्न पूल बांधताना तात्पुरतं म्हणून दिलेलं. माझे साडेसात किलोमीटर असे लोकांच्या जुन्या सह्यांमध्ये अडकलेत.

आणि परवा स्टॉपवर नोटीस लागली. मार्गात बदल, ५७ नंबर आता सरळ जाणार, अनावश्यक वळणं रद्द. मी आनंदाने आजोबांना टाळीच दिली. मग चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. कारखान्याची गल्ली शाबूत होती, कारण तिथे बस वळवायला जागा आहे म्हणे. रद्द झालेलं अनावश्यक वळण म्हणजे माझा स्टॉप.

दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून बसवाल्यांच्या ऑफिसात धडकलो. खिशात कॉलनीतल्या ४३ जणांच्या सह्या, डोक्यात पास्कल, बोद्री, शिलिबीर, सगळा मुद्देसूद तयार. साहेबांनी शांतपणे नकाशा पसरला, माझ्या स्टॉपवर पेन ठेवलं आणि विचारलं, "मुळात इथे बस जाते कशाला हो?"

मी म्हणालो, "साहेब, पूर्वीपासून जाते."