तीन क्लिकांनंतर कोण पळून जातं?

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: हवं ते तीन क्लिकांत मिळालं नाही की माणूस साइट सोडतो, मेन्यूत सातच्या वर पर्याय नकोत, मेंदूला झेपत नाहीत, शब्द कमी, आयकॉन जास्त, उरलेलं सगळं तीन रेघांच्या मेन्यूत ढकला, आणि ब्रेडक्रम, म्हणजे पानाच्या माथ्यावरची ‘मुखपृष्ठ › सेवा › घरपट्टी’ अशी माळ, जुनाट झाली, काढून टाका. परवा एका क्लायंटनं हाच मेसेज मला पाठवला, खाली ‘असं करू या’. म्हणून हे लिहायला बसलो.

तीन क्लिकांचा नियम डायल-अपच्या काळात पटण्यासारखा होता. नेटकॅफेत तासाचे पैसे मोजायचे आणि एकेक पान उघडताना चहा गार व्हायचा, तेव्हा प्रत्येक क्लिक महागच होता. पण 2003 साली वेबसाइटींच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ पोर्टर यांनी नियम तपासून पाहिला: 44 लोक, 620 कामं, आठ हजारांवर क्लिक. तिसऱ्या क्लिकनंतर लोक भराभर निघून गेले, असं काही दिसलं नाही. काहींनी तर पंचवीस पानं पालथी घातली. ‘फार क्लिक करावे लागतात’ या तक्रारीमागचं खरं दुखणं बहुतेकदा ‘सापडलं नाही’ हेच असतं.

इतक्या लांब कशाला, सातबारा बघा. राज्यात 36 जिल्हे, साडेतीनशेच्या वर तालुके, चाळीस हजारांच्या वर गावं, आणि गावागणिक गट नंबरांची रांग. बसवून दाखवा तीन क्लिकांत! महाभूलेख या सरकारी साइटवर वर्षानुवर्षं विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर अशा पायऱ्या होत्या, शिवाय मोबाइल नंबर आणि कॅप्चा. तरी लोक पोचायचे, कारण बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी येतात. अडखळायला व्हायचं ते पहिल्याच पायरीवर. अहिल्यानगरच्या माणसाचं येणंजाणं पुण्याशी, पण जिल्हा नाशिक विभागात. ‘विभाग कोणता?’ हा महसूल खात्याच्या सवयीचा प्रश्न, शेतकऱ्याच्या नाही. अशा पायरीशेजारी विभागांचा छोटा रंगीत नकाशा असला तर क्लिक एकही कमी होत नाही, पण बोट चुकत नाही.

लोक कशाच्या भरवशावर क्लिक करत राहतात, याची मांडणी झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या पिरोली आणि कार्ड यांनी 1999 साली केली: जनावर वासावरून भक्ष्याचा माग काढतं, तसा माणूस लिंकच्या शब्दांवरून पुढे काय असेल ते हुंगतो. वास वाढत गेला की चालत राहतो, विरला की परत फिरतो. आपल्याकडे एसटीच्या पाटीवर ‘मार्गे’ लिहितात ते याचसाठी. थांबे किती यापेक्षा आपण बरोबर गाडीत बसलोय ना, ही धाकधूक मोठी.

मी स्वतः तीन क्लिकांचा नियम एकदा इमानेइतबारे पाळला होता. एका संस्थेच्या हट्टाखातर साठेक लिंका मुखपृष्ठावर ओतल्या. क्लिक एकच उरला, पण तो कुठे करायचा हे कुणालाच कळेना. लोक फोन करून विचारायला लागले.

खोल उतरंड, म्हणजे पानाखाली पान, त्याखाली आणखी पान, मात्र चांगली नसते, तेवढं मेसेजवाल्यांचं बरोबर. 1998 साली लार्सन आणि झेरविन्स्की या संशोधकांनी 512 पानांची तीन प्रकारे मांडणी केली. दर पातळीवर आठ पर्याय अशी तीन पातळ्यांची रचना सगळ्यात मंद ठरली. आधी 16, मग 32 पर्याय अशी दोन पातळ्यांची जलद. गंमत म्हणजे यातच साताचा नियमही निकालात निघतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1956 चा ‘सात अधिक-उणे दोन’ हा आकडा डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींचा आहे. मेन्यू तर डोळ्यांसमोर असतो. उडुप्याकडचं मेन्यूकार्ड कुणी पाठ करतं का?

आयकॉनबद्दल: घर आणि भिंग कळतं. त्यापलीकडे दोन हात जुळवलेलं चित्र म्हणजे संपर्क, देणगी की श्रद्धांजली, ज्यानं त्यानं ठरवावं. खाली शब्द लिहा. खरं तर इथे कुणी न बोललेली एक अडचण आहे. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकटीत देवनागरी टाकली की वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार छाटला जातो, आणि डिझायनर ओळीची उंची वाढवायची सोडून शब्दच उडवतो. शब्दही नीट निवडायला हवेत. ‘नागरिकांची सनद’ या लिंकखाली कोणती सेवा किती दिवसांत मिळेल याची यादी असते, पण हे नाव वाचून तिथे कोण जाईल? ‘कोणता दाखला किती दिवसांत’ म्हणा की सरळ.

तीन रेघांचं चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी 1981 च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलेलं. चिन्हाचा दोष नाही. पण निल्सन नॉर्मन ग्रुप या वेबसाइटींची वापरसोय तपासणाऱ्या संस्थेनं 2016 साली 179 लोकांवर केलेल्या पाहणीत लपवलेला मेन्यू डेस्कटॉपवर 27 टक्के वेळाच वापरला गेला, उघडा ठेवलेला जवळपास दुप्पट. फोनवर जागा कमी, हे मान्य. तिथे मुख्य चार पर्याय उघडे ठेवून बाकीचे आत टाकता येतात.

राहिली ब्रेडक्रमची माळ. तीन क्लिक मुखपृष्ठापासून मोजायचे, पण मुखपृष्ठावरून येतो कोण? माणूस गूगलमधून थेट घरपट्टीच्या सवलतीच्या पानावर उतरतो. त्याचा क्लिक क्रमांक एक, आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही. तो पत्ता ही माळ देते. मराठी नावं लांब, फोनवर माळ दोन ओळींत तुटते. मग अख्खी नको, फक्त एक पायरी वरचं नाव ठेवा: ‘‹ घरपट्टी’. कारण फोनचं मागे जायचं बटण त्याला पुन्हा गूगलवर नेऊन सोडतं.